सात आणि दोनशे चौदा

"मग या सड्यापुढे काय लिहिलंस?"

इसाकबाबांनी विचारलं तेव्हा वैदेही कागद आवरत होती.

"सात," ती म्हणाली.

"सात काय?"

"सात जाती. झुडपं, गवतं, किडे, पाखरं, सगळं धरून. तीन दिवस पालथा घातला सडा. सात."

"आणि खालच्या राईपुढे?"

"दोनशे चौदा."

बाबांनी मान हलवली. चुलीवरचा काळा चहा दोन पेल्यांत ओतला आणि एक तिच्यापुढे सरकवला.

कुडवण्याचा सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट मैदान. वैशाखात तिथे अनवाणी पाय टेकवत नाही. करवंदीच्या चार जाळ्या, करपलेलं गवत, आणि मधोमध चुन्याने रंगवलेली पिराची लहानशी जागा. तिला लागून पत्र्याची पडवी. साऱ्या सड्यावर सावली ती तेवढीच. इसाकबाबा तिथे राहत. सत्तरी कधीच ओलांडलेले, बारीक अंगाचे, बोलायला कंजूष. उत्तरापेक्षा प्रश्न जास्त विचारणारे.

वैदेही साटविलकर वनस्पतीशास्त्रातली डॉक्टर. झाडाची नुसती साल हुंगून नाव सांगणारी. तिचा शब्द समित्यांमध्ये चालत असे, आणि तो चालतो हे तिला ठाऊक होतं.

या वेळी समितीने तिला एकच विचारलं होतं. कुडवण्यात दोन जागा आहेत. सड्याखालची पावणाई देवीची राई आणि वरचा सडा. एक राखायची आहे. दुसरी चिऱ्यांच्या खाणीला द्यायची आहे. कुठली कुठली, ते पंधरा दिवसांत कळवा.

तिला पंधरा मिनिटंही लागली नसती. पण रीतसर मोजणी करायची म्हणून ती खालच्या शाळेत मुक्कामाला उतरली होती.

"तू मोजलंस ते दिसलेलं," बाबा म्हणाले, "की असलेलं?"

"असलेलं दिसतंच की, बाबा. बघता आलं पाहिजे."

"हं."

बाबा उठले. फडताळातून एक गंजलेला पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडून डबा तिच्या हातात दिला. आत तांबूस, कोरडी, खडखडीत माती होती.

"यात किती?"

वैदेहीने चिमूटभर तळहातावर घेतली. खिशातलं भिंग काढलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. फुंकर घातली.

"काही नाही. माती."

"लिही."

"काय लिहू?"

"काही नाही, असं लिही."

तिला हसू आलं. पण म्हाताऱ्याचं मन मोडवेना. कागदाच्या पाठीवर तिने एक भलंमोठं शून्य काढून दाखवलं.

बाबांनी ते निरखून पाहिलं. मग कोनाड्यातला पसरट मातीचा परळ खाली घेतला, डब्यातली माती त्यात ओतली आणि वरून दोन तांबे पाणी घातलं. झऱ्याचं पाणी, त्यांनी सकाळीच खालून वाहून आणलेलं.

"आता?"

"ओली माती," वैदेही म्हणाली.

"हं," बाबा म्हणाले. आणि नमाजाला गेले.

दुसऱ्या दिवशी वैदेही सड्यावर आली ती तिचा मोजणीचा दोर गुंडाळायला. जाता जाता परळात डोकावली.

गढूळ पाणी. तळाला गाळ.

"काही नाही, बाबा."

"मी विचारलं नाही," बाबा म्हणाले.

ती जराशी ओशाळली. आपण होऊन का डोकावलो, हे तिचं तिलाच कळेना.

तिसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले, "तुझी राई दाखव की मला."

"तुम्ही इथेच राहता. राई पाहिली नाही?"

"पाहिलीये. तू पाहतेस तशी पाहू दे."

हे तिला आवडलं.

राईत शिरताच ऊन मागे राहिलं. वैदेही पुढे, बाबा मागे. ती थांबत होती, दाखवत होती, बोलत होती. हा किंजळ. ही वेल त्याच्या खांद्यावर बसलीये, तिचं खोड बघा, माणसाच्या कमरेएवढं. हे बुंध्यावरचं शेवाळ, त्यात निदान चार तऱ्हा. हा पाला उचला, खाली गोगलगाय सापडेल. बाबांनी पाला उचलला. गोगलगाय होती. बाबा लहान पोरासारखे खूश झाले.

वर फांद्यांत फडफड झाली. मोठ्या वाकड्या चोचीचा धनेश उंबरावर उतरला.

"हा काय खातो?" बाबांनी विचारलं.

"आत्ता उंबर. तो संपला की पलीकडचा नांदरुक फळेल. तो संपला की आणखी कुठला. वर्षभर इथे कुणी ना कुणी फळलेलं असतंच. म्हणून तर ही राई मोलाची, बाबा. इथे एक झाड पडलं, एखाद्या वर्षी एखादं रुसलं, तरी धनेश उपाशी मरत नाही. त्याचं काम दुसरं झाड उचलतं. जितक्या जाती जास्त, तितकं जंगल भक्कम."

ती छान बोलली होती. वर्गात ती असंच बोलायची आणि पोरं वह्यांतून डोकं वर काढायची.

बाबा धनेशाकडे बघत राहिले.

"म्हणजे इथे प्रत्येकाच्या जागी दुसरा उभा आहे."

"अगदी बरोबर."

"बरं आहे."

"बरं म्हणजे फार बरं आहे!"

"आणि वर सड्यावर?"

"वर काय?"

"तिथल्या एखाद्याच्या जागी कोण उभा आहे?"

वैदेही बोलायला गेली...

धनेश उडाला. त्याच्या पंखांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. मग तोही थांबला.

चढ चढून दोघं परत सड्यावर आली, तेव्हा तिने पुन्हा एकदा परळात डोकावून पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी परळात काहीतरी हललं.

वैदेहीला आधी वाटलं, वाऱ्याने धूळ पडली असेल. फिकट केशरी ठिपके, सुईच्या टोकाएवढे. तिने भिंग लावलं. ठिपक्यांना हात होते. हात म्हणावेत तर हात, वल्ही म्हणावीत तर वल्ही. झटके देत देत ते पाण्यातून वर येत होते, खाली जात होते.

ती पडवीत पालथी झाली. कोपरं जमिनीला टेकवून, नाक परळाच्या काठाशी नेऊन.

एक, दोन, सात, अकरा... पुढे मोजता येईना. ते स्थिर राहीनात.

बाबा झाडलोट करत होते. तिच्या पायांना वळसा घालून त्यांनी झाडून घेतलं.

त्या दिवशी ती जेवायला खाली गेली नाही. दुपारी बाबांनी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी तिच्या बाजूला ठेवली. एका हाताने ती खात होती. दुसऱ्या हातात भिंग होतं.

पाचव्या दिवशी ती उजाडताच सडा चढून आली. सहाव्या दिवशी धावत आली. ठिपके आता तांदळाच्या कणीएवढे झाले होते. अंग काचेसारखं आरपार. पायांची झालर सतत लहरत होती. आणि सगळेच्या सगळे उताणे पोहत होते.

"बाबा! हे उलटे पोहतात!"

"त्यांना विचार. ते म्हणतील तू उलटी चालतेस."

ती खळखळून हसली. किती दिवसांनी अशी हसत होती कोण जाणे.

"हे मी पुस्तकात वाचलं होतं," ती म्हणाली. "एकदाच. परीक्षेपुरतं. झिंग्यांच्या जातकुळीतले. खडकातल्या डबक्यांत राहतात. पाणी आटायच्या आत अंडी घालून मरतात. अंडी मातीत पडून राहतात, उन्हात भाजतात, तरी जिवंत असतात. पाऊस आला की... पण मी कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, ते कुठेतरी असतात. दूर कुठेतरी."

"असतील दूरही."

"ही माती किती दिवस होती डब्यात?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं कोरडी! इथल्याच कुठल्या खळग्यातली?"

"नाही," बाबा म्हणाले. "खरवणीच्या सड्यावरची."

वैदेहीने भिंग खाली ठेवलं.

"चाळीस वर्षं मी तिथे होतो," बाबा सांगू लागले. इतकं सलग ते कधी बोलत नसत. "तिथेही पीर होता. दारासमोर खळगा होता. पावसाळ्यात मी त्याच खळग्यावर वजू करायचो, नमाजाआधी हातपाय धुवायचो. ओंजळ भरली की हे ओंजळीत यायचे. मी त्यांना सोडायचो, पुन्हा ओंजळ भरायचो. कधी कधी नमाजाला उशीर व्हायचा. मग एक दिवस माणसं आली. म्हणाली, सडा खाणीला गेलाय. वरून कागद आलाय की इथे काही नाही. यंत्रं लागली. निघताना काय न्यायचं? खळग्यातली माती खरवडून घेतली."

पडवीवरचा पत्रा उन्हाने कडकडला.

"त्या कागदावर..." वैदेही म्हणाली, आणि थांबली.

"सही कुणाची तरी होती. मला वाचता येत नाही."

"माझी होती."

बाबांनी परळ ओढून सावलीत घेतला.

"मी तिथे दीड दिवस होते. पिराच्या बाजूला फिरकलेही नाही. एप्रिलमध्ये. 'जैवविविधता नगण्य' असं लिहिलं मी. तो शब्द मला फार नेमका वाटला होता." ती परळाकडून बाबांकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं? म्हणून तुम्ही हे केलंत?"

बाबांनी तांब्या उचलला. परळातलं पाणी उन्हाने खाली गेलं होतं, काठाशी गाळाची रेघ उघडी पडली होती.

तांब्या त्यांनी तिच्या हातात दिला.

"आजचं पाणी तू घाल."

सातव्या दिवशी वैदेहीने स्वतःच दुसरा परळ मागून घेतला. कुडवण्याच्या सड्यावरच्या एका खळग्यातली माती खरवडली, पाणी घातलं, आणि दोन परळ शेजारी शेजारी मांडून बसली.

नव्या परळात अजून काही नव्हतं. येईल का? आले तर केव्हा येतील? आणि ते हेच असतील की निराळे? दोन सड्यांमध्ये एक खाडी आणि तीन डोंगर. हे न उडणारे, न चालणारे जीव एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर जाणार कसे? की प्रत्येक सड्याने आपापले निराळेच घडवले असतील?

प्रश्न एकामागून एक येत होते. गेल्या कित्येक वर्षांत तिला इतके प्रश्न पडले नव्हते. तिला भीती वाटत होती, आणि मजाही वाटत होती.

"बाबा, इथल्या आणि तिथल्या जाती एकच असतील का हो?"

"शिकलेली तू. तू सांग."

"मला माहीत नाही."

बाबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालीस?"

"मला माहीत नाही."

"हे कागदात लिहिता येतं?"



असं काही कागदात लिहितात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तक्त्यात आकड्यासाठी रकाना होता. या उत्तरासाठी नव्हता.

तिने कागद पुढे ओढला. सड्यापुढचा सात खोडला, आणि त्या बारक्या रकान्यात मावेना म्हणून समासात लिहिलं: माहीत नाही.

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी तो कागद दोनदा वाचला.

"बाई, हे उत्तर आहे का?"

"हो."

"राईचं काय?"

"राई राखलीच पाहिजे. तिथे एकमेकांना सांभाळणारे दोनशे चौदा आहेत. त्यांची ती एकमेकांत गुंतलेली वीण एकदा तुटली तर आपल्याला परत विणता येणार नाही."

"मग सडा खाणीला. प्रश्न मिटला."

"नाही. सड्यावर किती आहेत हे मला माहीत नाही. जे आहेत त्यांच्या जागी दुसरं कुणी नाही, एवढंच माहीत आहे. एक पावसाळा द्या."

"खरवणीच्या वेळी तर तुम्ही दीड दिवसात लिहून दिलं होतं."

"हो," वैदेही म्हणाली. "ते मी चुकीचं लिहिलं होतं. तेही आज नोंदवून घ्या."

कुणीतरी खुर्ची सरकवली. एकजण हसला आणि मग हसू गिळून खिडकीबाहेर बघू लागला. कानाची पाळी तापलेली वैदेहीला जाणवत होती. पण ती उठली नाही, आणि एक शब्दही मागे घेतला नाही.

राई राखली गेली. सड्याला एक पावसाळा मिळाला.

तो पावसाळा वैदेहीने सड्यावर काढला. डोक्यावर इरलं, गुडघ्याला पोत्याचे तुकडे बांधलेले, आणि सगळा वेळ खाली वाकलेली. बोटभर उंचीची फुलं. किडे धरून खाणारी, चिकट पानांची, नखाएवढी रोपं. खळग्याखळग्यात निराळं जग. एका खळग्यात जे होतं ते वीतभर पलीकडच्या खळग्यात नव्हतं. कुडवण्याच्या मातीतूनही ते उताणे पोहणारे निघाले. झालर जरा रुंद वाटली. की तसा भास झाला?

तिने दोन्हीकडचे नमुने लांबच्या एका जाणकाराकडे पाठवले. खरवणीचा परळ सावलीत जपला, त्यातल्या जीवांनी अंडी घातली तेव्हा पाणी आटू दिलं, आणि माती पुन्हा त्याच डब्यात भरून बाबांच्या हवाली केली.

दिवाळीनंतर जाणकाराचं पत्र आलं. ते तिने पडवीत बसून बाबांना वाचून दाखवलं.

"कुडवण्याचे नमुने ओळखीच्या जातीचे आहेत. खरवणीचे वेगळे वाटतात. खात्रीने सांगायचं तर पुरेसे नाहीत. तिथल्या आणखी चार-पाच खळग्यांतले पाठवा."

तिने पत्राची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

खरवणीला आता तीन माणसं खोल खड्डा होता.

"काय कळवशील?" बाबांनी विचारलं.

"आणखी नाहीत, म्हणून कळवीन."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

सड्याचा तक्ता समितीपुढे गेला तेव्हा त्यात एकशे एकोणतीस नावं होती, आणि नावांखाली तिने ओळ लिहिली होती: मोजणी अपुरी आहे. या वेळी कुणी हसलं नाही. खाणीचा अर्ज परत गेला.

ही बातमी सांगायला ती आली आणि दुपारी परत निघाली. बाबा तिला पोचवायला खाडीपर्यंत उतरले. ओहोटी होती. तरीची होडी पलीकडच्या काठाला होती, तिला यायला वेळ होता. पाण्यापर्यंत लांबच लांब पुळण पसरली होती. पांढरी, सपाट, कोरडी. तिच्यावर एक काडीही नव्हती.

वैदेहीचं मन हलकं झालं होतं. पिशवी खांद्याला लावून ती भराभर चालली होती. बाबा मागे पडले, तशी ती मागे वळली आणि हसून म्हणाली,

"इथे मात्र काहीच नाही हं, बाबा! नुसती वाळू."

बाबांनी टाकायला उचललेलं पाऊल तसंच धरलं. क्षणभर ते एका पायावर उभे राहिले...

"मग जपून चाल."